दुसरी आणि चौथी टाळी

रविवारी सकाळी पोहे परतत असताना अनघाचा फोन आला. "ताई, आई गेली... झोपेतच. हार्ट." एवढंच ती बोलली. मी शेगडी बंद केली. अनघाची आई डॉ. नलिनी घाटे, आम्हा सगळ्यांच्या नलूमावशी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेल्या. आदल्या बुधवारी मी त्यांना घरी सोडलं, तेव्हा गाडीतून उतरता उतरता त्यांनी मला सुनावलं होतं, "तुझा डावा पाय अजून आळशी आहे. बघ त्याच्याकडे." त्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हेच.

आमची ओळख २००१ सालच्या दिवाळीतली. पुण्याहून अमेरिकेत, वेस्ट विंडसरला येऊन मला चार महिने झाले होते. नवऱ्याच्या, मंदारच्या व्हिसावर आले होते, त्यामुळे नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवता येत नव्हती आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर बाहेर पडावंसंही वाटत नव्हतं. मंदारच्या ऑफिसात रोज कुणाला तरी घरी पाठवत होते. तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी पार्टीत मी कागदी प्लेट घेऊन कोपऱ्यात बसले होते. तेवढ्यात कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, काठापदराच्या साडीतल्या एक बाई शेजारी येऊन बसल्या आणि अस्सल नागपुरी सुरात म्हणाल्या, "अशी काय बसून राहिली गं तू? बुधवारी सहाला तयार राहा. सपाट बूट घाल." मला वाटलं, भजनी मंडळ असेल. बुटांचं कोडं मात्र सुटेना.

त्या मला घेऊन गेल्या एका चर्चच्या तळघरात. तिथे जुन्या स्पीकरवर ट्रम्पेट वाजत होतं आणि वीसेक माणसं जोडीजोडीने नाचत होती. कॉलेजची मुलं होती, आजीआजोबा होते, आणि मधोमध उभी राहून सगळ्यांना शिकवत होती सत्तरीची एक उंच काळी बाई, एर्नेस्टीन. एका निवृत्त पोस्टमननी हसून माझ्यापुढे हात केला. परक्या पुरुषाचा हात! मी मावशींकडे पाहिलं. "बघतेस काय? हात मागतो आहे, जीव नाही मागत."

तो स्विंग डान्स होता. पहिल्या दिवशी मी त्या पोस्टमनच्या पायावर इतक्यांदा पाय दिला, की शेवटी त्यांनीच माझी क्षमा मागितली. परतताना मावशींनी गाडीच्या स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरला. त्यांचे वडील नागपूरला तबला शिकवायचे, त्यामुळे लय त्यांच्या अंगातच होती. "आठ मात्रांचा केरवा समज. पण आपण समेवर जोर देतो, हे लोक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देतात. आपली सम म्हणजे घरी पोचणं. यांचा ठेका म्हणजे उंबऱ्यावर एक पाय उचलून उभं राहणं... मजा त्या उचललेल्या पायात आहे."

पुढची कित्येक वर्षं त्या बुधवारच्या गाडीत माझं शिक्षण झालं. गुलाम म्हणून आणलेली माणसं न्यू ऑर्लिन्सच्या मैदानात रविवारी जमून आपले ढोल वाजवायची, शेतात राबताना गाणी म्हणायची. त्यात चर्चची भजनं, मिरवणुकीतले बँड, पियानोचे तिरपे ठेके मिसळत गेले आणि जॅझ झालं. ते संगीत माणसांबरोबर आगगाडीत बसून उत्तरेला आलं. हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या नाचघरांतून मोठमोठे बँड वाजू लागले, आणि तिथल्या तरुणांनी त्यावर हा नाच रचला. जोडीदाराचा हात क्षणभर सोडायचा, स्वतःचं काहीतरी करून दाखवायचं आणि नेमक्या मात्रेला परत हात धरायचा. "बाहेर शहरात काळ्या-गोऱ्यांची दारं वेगळी होती, तेव्हा तिथल्या काही फरशांवर ते एकत्र नाचत होते," मावशी सांगायच्या. मग महायुद्ध आलं, मोठे बँड मोडले, नव्या गाण्यांची लाट आली आणि हा नाच म्हाताऱ्यांच्या आठवणीत जाऊन बसला. पुढे काही तरुणांनी त्या म्हाताऱ्यांना शोधून काढलं, म्हणून तो उरला. एर्नेस्टीनची आई हार्लेममध्ये नाचलेली. एर्नेस्टीनला आईकडून मिळालं आणि मावशींना एर्नेस्टीनकडून. दोघी एकाच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या, मावशी पॅथॉलॉजिस्ट आणि एर्नेस्टीन टेक्निशियन.

मावशींच्या या मैत्रीचं मोल मला कळलं ते २००५ साली. मंडळाच्या गणपतीत वीस मिनिटं स्विंगचा कार्यक्रम ठेवावा, असं त्यांनी मीटिंगमध्ये सुचवलं. आमचे अध्यक्ष सुरेशराव म्हणाले, "नलूताई, हे काळ्यांचे नाच आपल्या बाप्पापुढे कशाला? फॅमिली ऑडियन्स आहे." खोलीत दहाबारा जण होतो. कुणी बोललं नाही. मीही नाही. सुरेशराव मंदारचे मॅनेजर होते, आमच्या ग्रीन कार्डची फाइल त्यांच्या सहीवर अडली होती. मी प्लेटमधल्या समोशाकडे बघत राहिले.

मावशींचा आवाज जराही चढला नाही. "सुरेश, मी या देशात आले तेव्हा तीन घरमालकांनी मला दारातूनच परत पाठवलं. रंग बघून. चौथं दार एर्नेस्टीनच्या आईचं होतं. सहा महिने मी तिच्या स्वयंपाकघरात वरणभात शिजवला. आता बोल, कोणाचे नाच म्हणालास?" सुरेशराव कागद चाळू लागले. "कार्यक्रम होईल," मावशी म्हणाल्या, "नाहीतर यंदा समई दुसऱ्या कोणाकडून लावून घे." मंडळ स्थापन झाल्यापासून समई त्याच लावत आल्या होत्या. कार्यक्रम ठरला.

गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. "मावशी, मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," त्या सरळ म्हणाल्या. समजूत घातली नाही. दोन सिग्नल गेल्यावर म्हणाल्या, "ताल चुकला म्हणून कोणी फ्लोअर सोडून घरी जात नाही. पुढची मात्रा पकड."

कार्यक्रमाच्या दिवशी पोस्टमनकाकांचा गुडघा आखडला. एर्नेस्टीन स्टेजवर जोडीदाराविना उभी राहिली. पहिल्या रांगेत सुरेशराव, त्यांच्या मागे मंदार. मी उठले. स्टेजवर जाऊन माइक घेतला आणि मराठीत सांगितलं की या बाई कोण, यांच्या आईने आपल्या नलूमावशींना घर कसं दिलं आणि हा नाच कुणी, कुठल्या दिवसांत घडवला. मग आम्ही दोघी नाचलो. प्रेक्षक उत्साहाने समेवर टाळ्या देऊ लागले, तसं मावशींनी विंगेतून येऊन गाणंच थांबवलं. "थांबा! समेवर नको. एक सोडा, दोन धरा. तीन सोडा, चार धरा." हशा पिकला. दोनतीन प्रयत्नांत सभागृहाला जमलं... आणि एर्नेस्टीन अशी काही नाचली की मी तिच्यामागे फरफटत गेले, हसत गेले.

मागच्या दोन रांगा उठून चहाला गेल्या, हेही खरं. सुरेशरावांनी शेवटपर्यंत मांडीवरचे हात उचलले नाहीत. त्यांच्या शेजारी बसलेली त्यांची आई मात्र टाळ्या देत होती, सगळ्या समेवर. आमची ग्रीन कार्डची फाइल नेहमीच्याच गतीने सरकली. त्या कार्यक्रमाविषयी सुरेशराव माझ्याशी कधी बोलले नाहीत. मंदार घरी जाताना एवढंच म्हणाला, "मला घाम फुटला होता यार. पण बरं केलंस."

शेवटच्या वर्षात मावशींचं हृदय थकलं, नाच बंद झाला. तरी बुधवारी त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि एकेकाच्या चुका काढायच्या. अंत्यविधीला एर्नेस्टीन काठी टेकत आली. शवपेटीच्या कडेवर तिने बोटांनी हलकेच ठेका धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "न्यू ऑर्लिन्सला स्मशानात जाताना बँड संथ वाजवतात आणि परतताना नाचत येतात. तुझ्या मावशीने मला बजावून ठेवलंय, परतीचं विसरू नकोस म्हणून." सुरेशराव मागे उभे होते. त्यांनी पुढे येऊन तिला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या.

गेल्या शनिवारी घर आवरायला अनघाने मला बोलावलं. ती दुसऱ्या राज्यात, अ‍ॅशबर्नला असते. आईचं हे नाचणं तिला लहानपणापासून अवघड वाटायचं. मैत्रिणींसमोर तर फारच. घर विकण्याआधी ती स्वयंपाकघरातली फरशी बदलणार होती. शेगडी आणि फ्रिज यांच्या मधली लाकडी फरशी एका जागी घासून फिकट झाली होती, थोडीशी खोलगटही. "इथे गळत होतं का काही?" तिने विचारलं.

"नाही गं. चहा उकळेपर्यंत त्या इथे प्रॅक्टिस करायच्या. रोज."

अनघाने वाकून त्या जागेवरून हात फिरवला. मग तिने मोबाइल काउंटरवर ठेवला, बूट काढले आणि मोजे घातलेले पाय त्या फिकट जागेवर ठेवले.

"ताई, शो मी," ती म्हणाली. "पहिली स्टेप कुठल्या पायाने?"

मी तिचा हात धरला. "उजवा. आणि घाई करू नकोस."