गोधडीतली बॅटरी

आधी चहा संपवा. मी जे करून बसलोय ते ऐकताना ठसका लागला, तर परत माझ्याच नावानं शंख कराल.

तर घरात नवा लॅपटॉप आला. आता आम्ही डोंबिवलीकर नवी वस्तू वापरतो का? चांगल्या कपबश्या शोकेसमध्ये, पाहुण्यांसाठी. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग बॅटरीसारखी महागाची वस्तू मी रोज वापरू देईन? वापरली की झिजणार, नाही वापरली तर झिजेल कशाला? साधी गोष्ट. एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात जन्म गेलाय माझा, मला कोण केमिस्ट्री शिकवणार?

म्हणून लॅपटॉप कायम प्लगला जोडलेला, बॅटरी कायम शंभर टक्के. मुलगी केतकी त्याच्यासमोरून उठली रे उठली, की मी तो चालूच्या चालू गोधडीत गुंडाळायचो.

बायको म्हणायची, "अहो, हात लावून बघा, तापलाय तो."

"अगं, ऊब लागते बॅटरीला. थंडीत आखडते ती."

"डोंबिवलीत कसली आलीय थंडी?"

असल्या शंकांना मी उत्तर देत नाही. उलट हे ज्ञान सोसायटीभर वाटत सुटलो. खालच्या मजल्यावरच्या पाटीलकाकांनी तर त्यांच्या लॅपटॉपला मफलर बांधला.

आणि मग केतकीची ऑनलाइन मुलाखत आली. बॅटऱ्या बनवणारी कंपनी. एमएससी झाल्यापासून पोरगी याच नोकरीच्या मागे होती, रात्रंदिवस तेच. मी दाराबाहेर कान लावून उभा. बरं, मुलाखत ठेवली कधी? शुक्रवारी. आमच्याकडे शुक्रवारी लाइट जाते हे शेंबड्या पोरालाही माहितीये. गेली.

आतून केतकीचा आवाज, "बाबा, वायफाय गेलं!"

"मोबाईलचं नेट लाव. बॅटरी आहे ना, याच दिवसासाठी राखलीय मी."

छाती अशी फुगली होती माझी. शंभर टक्के. जरा वेळानं दारातून डोकावून पाहतो तर चाळीस. बायकोकडे बघून परत पाहिलं तर नऊ. आणि मग काळा पडदा. पोरीची नोकरी मी घालवली, दुसरं काय?

केतकीनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि मोबाईलवरून परत जॉइन झाली. मुलाखत घेणाऱ्यांपैकी एका बाईंनी विचारलं, काय झालं? तिनं सगळं सांगितलं, गोधडीसकट. बाई म्हणाल्या, मग आता हेच समजावून सांगा, बॅटरी का गेली?

पोरगी सुरू झाली. चार्ज होताना लिथियम एका बाजूला जातं, वापरताना परत येतं. पण थोडं थोडं आत साचणाऱ्या थरात अडकून बसतं, ते कायमचं गेलं. बॅटरी तुडुंब भरलेली आणि वर गरम ठेवली, की हा थर भराभर वाढतो. "म्हणजे मॅडम, आमची बॅटरी कोणी न वापरताच म्हातारी झाली."

पलीकडे सगळे खो खो हसत होते. नोकरी लागली. मी पेढे वाटले, आणि श्रेय कोणाचं हेही प्रत्येक दारात सांगितलं.

परवा कळलं, कंपनीत नव्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये केतकी पहिल्याच स्लाइडवर 'बॅटरीचे शत्रू' दाखवते. पहिला शत्रू उष्णता, दुसरा कायम फुल चार्ज. तिसऱ्याचा फोटो आहे. मांडीवर गोधडी घेऊन हसतोय.