बावखल आणि नारळाची सोडणं

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते नंदाखाल गावच्या वाडीवाल्या काकांचे. मी इंजिनिअर होतो त्या बांधकामाच्या साइटच्या उताराखाली त्यांचं बावखल होतं. त्या तळ्यावरच त्यांची केळी जगायची. माती तिकडे वाहू नये म्हणून मी ताडपत्रीचा आडोसा बांधला. एका जोरदार सरीत तो आडवा झाला आणि बावखल गढुळलं.

माफी मागायला गेलो, तर काका म्हणाले, "साहेब, पाण्याशी कुस्ती खेळलात होय? त्याला गाळून पुढे सोडायचं."

त्यांनी उतारावर आडवे चर खणवले आणि स्वतःच्या माडांसाठी ठेवलेली नारळाची सोडणं, म्हणजे काथ्याची जाड सालं, त्यांत दाबून भरली. पुढच्या पावसात गाळ चरांतच राहिला.

बदलीनंतर मी त्यांना लिहिलं: "काका, घरातला पहिला पदवीधर मी, पण हे काम तुमच्याकडे शिकलो. इथेही सोडणं मागवली आहेत. बावखल आता नितळ आहे ना?"