पाच डॉलरचा पेंग्विन

घाटंजीत माझं झेरॉक्स आणि वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि मला परदेशी नोटा जमवायचा नाद आहे. दुकानावर घर चालतं, नादावर मी. सासूबाईंना हे अजिबात पटत नाही. "त्या नोटेनं बजारात मेथीची जुडी तरी येते का?" असं त्या विचारतात. मी चिडते. चिडायला मला फार वेळ लागत नाही.

अल्बमात राजे आहेत, राण्या आहेत, मिशा पिळलेले सेनापती आहेत. पण जीव जडला तो न्यूझीलंडच्या पाच डॉलरच्या नोटेवर. तो कागद नाहीच, पातळ प्लॅस्टिक आहे. मधे आरपार दिसणारी खिडकी, तिच्यात चकाकणारा नकाशा. एका बाजूला छोट्या पक्ष्याचं चित्र. नोट तिरकी केली की त्याचा रंग पालटतो आणि उजेडाची एक पट्टी त्याच्या अंगावरून सरकत जाते. पुढे थोड्या तुटक रेषा, मागे थोड्या तुटक रेषा. नोट उजेडात धरली की दोन्ही जुळून पाचाचा आकडा पुरा होतो. शाई बोटाला जाणवेल इतकी उठावाची. जांभळ्या किरणांच्या टॉर्चखाली तर एरवी न दिसणारा आकडा उजळून वर येतो. नकली नोटा छापणाऱ्यानं कपाळावर हात मारून घ्यावा! आणि मागच्या बाजूला रुबाबात उभा असलेला, पिवळ्या डोळ्यांचा पेंग्विन.

ही नोट कधी कुणाच्या खिशात गेलेली नव्हती. मी ती चिमट्यानं उचलायची. एकदा नवरा तिच्याजवळ नुसता शिंकला, तर त्या रात्री मी त्याच्या ताटात पोळी वाढली नाही, आपटली.

यंदा यवतमाळला नोटा जमवणाऱ्यांचं प्रदर्शन भरलं. तिथे पहिल्या रांगेतल्या काचेच्या कपाटांत फक्त कोऱ्या, बिनडागाच्या नोटा लागतात, बाकीच्या मागच्या टेबलांवर. माझ्या नोटा दरवर्षी मागे. येणारे लोक तिथपर्यंत पोचेस्तोवर दमलेले असायचे. यंदा काही झालं तरी पेंग्विन पहिल्या रांगेत लावायचाच, असा मी चंग बांधला होता. प्रदर्शन झाल्यावर कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाऊ, असं ठरवून सासूबाईही सोबत आल्या.

नोटा तपासायला एक वयस्कर काका बसले होते. समोर काळ्या कापडाचं खोकं, आत जांभळा दिवा. त्यांनी नोट उलटसुलट पाहिली, खिडकी पाहिली, मान डोलावली. मग खोक्यात सरकवली आणि म्हणाले, "ताई, हे काय हो?"

मी वाकून पाहिलं. जो आकडा उजळायचा तो उजळला होता. पण नोट उलटी केल्यावर पेंग्विनच्या कपाळावर बोटाच्या टोकाएवढा एक पिवळा-हिरवा ठिपका लखलखत होता.

"हळद आहे," काका म्हणाले. "साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण या दिव्याखाली हळद लपत नाही."

मी सासूबाईंकडे वळले. त्या पंख्याकडे बघत होत्या.

"आई?"

"लक्ष्मीपूजनाले तू दुकानात होतीस," त्या म्हणाल्या. "म्या पाटावर मांडली, बोट लावलं. मंग पदरानं पुसलं. तू बोंबलशीन म्हनून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस जपलं आणि घरच्याच माणसानं घात केला! काकांना माझी दया आली असावी. त्यांनी स्पिरिटचा बोळा पुढे केला. "प्लॅस्टिक आहे ताई, पुसलं की निघते. मग लावू पहिल्या रांगेत."

मी बोळा घेतला. दातओठ खात विचारलं, "अल्बमात एवढ्या नोटा आहेत. हीच बरी सापडली तुम्हाला?"

"बाकी साऱ्या राजे-राण्या," सासूबाई म्हणाल्या. "त्याह्यले पाह्यणारे त्याह्यच्या घरी असतीन. हे एकलंच पाखरू, येवढ्या दूरून आपल्या घरी आलेलं. नवं कोनी घरात आलं तं त्याचं कपाळ कोरं ठेवते का कोनी? तू साताऱ्याहून आलीस तवा उंबऱ्यात तुले बी म्याच लावलं होतं. तवा तू बी अशीच उभी होतीस, याच्यावानी. आमचा एक शब्द समजत नव्हता तुले."

काका हसायला लागले. मलाही हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. या बाईनं माझ्या नोटांकडे कधी धड पाहिलंसुद्धा नाही, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. तिनं एकेक पान उलटून पाहिलं होतं, आणि सगळ्यांतून याला निवडलं होतं. मला इतकं बरं वाटलं की ते लपवणंही जमेना.

बोळा मी काकांना परत दिला.

"नक्की?" त्यांनी विचारलं. "पहिली रांग जाईल."

"जाऊ द्या."

पहिली रांग गेल्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मागच्या टेबलावर नोट मांडली. सासूबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या, आणि जो पहिला माणूस वाकून बघायला आला त्याला, त्यानं काही विचारायच्या आतच, म्हणाल्या, "हे पाखरू आमच्या घरचं हाय."