परिषदेच्या पेटीतला गाळलेला निबंध

प्राचीन जगाच्या अभ्यासकांची आमची परिषद दरवर्षी नव्या ठिकाणी भरते आणि तिच्यामागून एक पत्र्याची पेटी फिरते. पेटीत जुनी इतिवृत्तं. यंदा परिषद अंधेरीत, माझ्या घराजवळ, म्हणून तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी निवृत्त, म्हणजे रिकामटेकडी, असा सगळ्यांचा समज.

पेटी उघडून आधी घाटकोपरच्या अधिवेशनाची पानं काढली. मला शिलालेख वाचायला शिकवलेल्या माझ्या बाईंनी तिथे निबंध वाचला होता, कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्या बायकांवर. पुढे त्याच विषयावर दुसऱ्यांनी नाव कमावलं. बाई आता चारकोपला लेकीकडे असतात, नजर अधू झालीय. "त्या वर्षाचं लिहिलंस की मला वाचून दाखव," एवढंच त्यांनी मागितलं होतं.

टाइप केलेल्या यादीत अकरा निबंध होते. बाईंचा नव्हता.

माझं डोकंच फिरलं. त्या वर्षीचे यजमान म्हणजे घाटकोपरचे सर, बाईंशी भर सभेत वाद घालणारे. त्यांचंच काम, मला खात्री होती. पान उजेडात धरलं, टाचणीची भोकं तपासली. काही सापडेना, तसा संशय आणखी वाढला. माणूस भलताच सफाईदार!

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी थडकले. त्यांनी चहा दिला, तोही मी जरा वास घेऊनच तोंडाला लावला.

"बाईंचा निबंध का गाळलात, सर?"

"मी? अगं, यजमानाने स्वतःच्या अधिवेशनाचं इतिवृत्त लिहायचं नाही, ही तेव्हाची रीत. स्वतःचीच आरती ओवाळेल म्हणून. पुढच्या वर्षीचा यजमान लिहायचा, तेही सही न करता. विसरलीस?"

"मग पुढच्या वर्षी कोण होतं?"

"बोरिवली. तुझंच कॉलेज ना?"

कॉलेजात तेव्हा मी सगळ्यांत नवी, टायपिंगची कामं माझ्याकडेच यायची. माझ्या वहीतल्या टिपणांवरून ती यादी मीच केली होती. आणि घाटकोपरला बाई बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात एका बड्या प्राध्यापकांना माझ्या संशोधनाबद्दल सांगत होते. निबंध ऐकलाच नाही, म्हणून टिपण नाही. मला स्वतःची किळस आली.

तिथून थेट चारकोप गाठलं.

"बाई, इतिवृत्तात तुमचा निबंध नाही. गाळला गेलाय."

"कोणी गाळला?"

"मी."

बाई जराही दचकल्या नाहीत. "ते पान मी तेव्हाच वाचलं होतं गं. कोणी टाइप केलंय तेही माहीत होतं. मुद्दाम गाळलंस का, एवढंच विचारायचं राहिलं."

"नाही हो, बाई! शपथ."

"बरं," बाई म्हणाल्या. मग चहा घेणार का, असं विचारलं, आणि तो करायला लेकीला हाक मारली. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.