रिकाम्या मशीनचं ओके

अंबडच्या केबल कंपनीत मी पहिल्या दिवशी गेलो, तेव्हा क्वालिटीच्या कुसुम आहेर मॅडम एक डेटा केबल प्लगपाशी हळूहळू वाकवत होत्या. डोळे मिटलेले. मी गुड मॉर्निंग म्हटलं.

"थांब. आत एक तार मेलीय."

तपासणीच्या मशीनने ती केबल पास केली होती.

मॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या कामाबद्दल या गौरव अंकात सगळे लिहितीलच, मी एकाच दिवसाबद्दल लिहितो.

त्यांचा एक नियम आहे. सकाळी मशीनला आधी मुद्दाम तोडलेली केबल लावायची. मशीन तिला फेल म्हणालं, तरच काम सुरू. मॅडम तीन दिवस रजेवर होत्या. मी कंटाळा केला, ती केबल लावलीच नाही. रजिस्टरमध्ये टिक मात्र रोज केली.

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मॅडमनी मशीनला काहीच न लावता बटण दाबलं. हिरवा दिवा. ओके. परत दाबलं. ओके. हॉलमध्ये आम्ही दोघंच, आणि बिघडलेलं मशीन नसलेल्या केबली पास करत होतं.

"कोणाला ओके म्हणतंय रे हे?"

मी सगळं सांगून टाकलं.

"माल कुठंय?"

त्या तीन दिवसांचा माल निघाला होता. आयसीयूतल्या मॉनिटरपासून नर्सच्या स्क्रीनपर्यंत जाणाऱ्या केबली. मॅडमनी ड्रायव्हरला फोन लावला.

"संतोषभाऊ, कुठवर गेलात?"

"चांदवडला चहा पिऊ राहिलो ना मॅडम."

"कप ठेवा, माघारी या."

"साहेब शिव्या देतील मला."

"मला देतील. तुम्ही या."

मग एकेक केबल आम्ही हातातल्या मीटरने तपासली. तार सलग असली की मीटर वाजतं. बराच वेळ ते वाजत राहिलं. एका केबलला वाजलं नाही. दिसायला ती बाकीच्यांसारखीच होती. पासचं हिरवं लेबल, खाली माझी सही.

साहेब आले. "कोणाची चूक?"

"डिपार्टमेंट माझं आहे साहेब. रिपोर्टवर माझं नाव टाका."

मला त्या रागावल्या नाहीत. त्या न वाजलेल्या केबलचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "हे धर. इथे कोणीतरी झोपलेलं असतं."

मी ते धरून उभा राहिलो. त्या माणसाला चेहरा नाही, तरी तो मला अजून दिसतो.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि त्यालाही.