एक प्रिंटर आणि मावशींचे कागद

मला चिडायला फारसं निमित्त लागत नाही. पण आयुष्यात मला सर्वांत जास्त कोणी छळलं असेल, तर ते आमच्या लेझर प्रिंटरने. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर डोंबिवलीतल्या घराच्या बाहेरच्या खोलीत आम्ही डीटीपीचं काम सुरू केलं. 'आम्ही' म्हणायचं आपलं. नवरा सकाळी डबा घेऊन ऑफिसला जायचा, की मागे उरायचे मी, संगणक, पायाशी गुरगुरणारा स्टॅबिलायझर आणि कोणीतरी वापरून काढून टाकलेला तो प्रिंटर.

साध्या कागदावर तो सुरेख छापायचा. बटर पेपर दिला की शाई फासायचा. लग्नपत्रिकेचा जाड कागद दिला की अक्षरं बोटाला लागून यायची. प्रत्येक कागदासाठी त्याच्या पुढ्यातली बटणं दाबून शाईची दाटी बदलायची, कागद कुठल्या तोंडातून घ्यायचा ते सांगायचं, आणि काम झालं की सगळं आठवणीने पूर्ववत करायचं. ते आठवणीने करणंच मला जमायचं नाही. एकदा एका डॉक्टरांची लेटरहेडं जाड कागदाच्या सेटिंगवर छापली गेली आणि सगळा गठ्ठा रद्दीत गेला. त्या दिवशी मी प्रिंटरला जे काही बोलले ते शेजारच्या काकूंनीही ऐकलं असणार. पण मनाशी ठरवलं, की यापुढे बटणांना हात लावायचा नाही. कागद कुठला ते मी सांगणार, बाकीचं त्याने आपलं आपण करायचं.

लग्नाआधी मी ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत संगणकावर बसायचे. तिथे शिकलेलं थोडं डोक्यात होतं. प्रिंटरच्या जाडजूड पुस्तकात शेवटी त्याला द्यायचे हुकूम दिलेले होते. छापायचा मजकूर एका फाइलीत साठवायचा, त्याच्या आधी हुकमांची छोटी फाइल जोडायची आणि दोन्ही मिळून प्रिंटरकडे पाठवायच्या, एवढंच काम. 'एवढंच' हे आज म्हणते. तेव्हा पंधरवडाभर मी त्याच्यामागे हात धुऊन लागले होते. स्वयंपाक करपला, नवरा कुरकुरला, पण जमलं.

फाइलींना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मला कपडेच आठवले. बटर पेपर म्हणजे मलमल. रोजचा कागद म्हणजे सुती. जाड, खरखरीत कार्ड म्हणजे घोंगडी. आणि चकचकीत आर्ट पेपर म्हणजे पैठणी. पैठणीचे लाडही तसेच, कारण त्या कागदावर शाई एका फेरीत बसायची नाही. म्हणून तो छापून झाला, की काहीही न छापता पुन्हा एकदा आतून फिरवून काढायचा. तेवढ्या उष्णतेने अक्षर पक्कं व्हायचं. मी 'पैठणी' असं टाइप केलं, की दुसऱ्या फेरीचा हुकूमसुद्धा आपोआप जायचा. नवरा म्हणाला, साड्यांचं दुकान काढलंस की काय. मी त्याला हसू दिलं.

अशात एका दुपारी शीळफाट्याकडच्या एका गावातून एक बाई आल्या. नऊवारी, ठसठशीत कुंकवाच्या जागी रिकामं कपाळ, आणि काखेत सुती पातळात बांधलेला भलामोठा गठ्ठा. सोबत लग्न ठरलेली मुलगी. ती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. बाईंना मी मावशी म्हणायला लागले. दोन छापखान्यांनी त्यांना परत पाठवलं होतं.

गठ्ठा सोडल्यावर कारण कळलं. मावशींचे यजमान पत्रिका आणि खोकी छापणाऱ्या एका कारखान्यात कटिंग मशीनवर होते. मुलगी जन्मली तेव्हापासून त्यांनी मालकांना विचारून कडेचे कापून उरलेले तुकडे घरी आणले होते. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा, कॅलेंडरचा चकचकीत कागद, पाकिटांचा पातळ कागद, जे काम त्या हंगामात असेल ते. सगळं एकाच मापात कापलेलं. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका यावरच छापायच्या, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते गेले. कागद राहिला.

छापखानेवाल्यांचं चुकलं नव्हतं. एकाखाली एक सगळे वेगळे कागद. हे मशीनवर चढवायचे कसे? कोणीही सांगितलं असतं, हे ठेवा घरी, नवा कागद घ्या. मावशींना तेच ऐकायचं नव्हतं. त्या एकदाच बोलल्या.

"पोरीचे बापानी एकेक करून जमवलाय. एक पन कागद फुकट नय गेला पायजे."

मी म्हटलं, एकही फुकट जाणार नाही. खरं तर असा शब्द द्यायचा नसतो. पण दोन ठिकाणी नाही म्हटलेलं काम माझ्यापुढे आलं, की माझ्या अंगात येतं.

मजकूर जुळवून झाला, मावशींनी मुलीकडून दोनदा वाचून घेतला. गठ्ठ्यातला सगळ्यांत वरचा कागद मी उचलला, सुती लावलं आणि पाठवला. आत काहीतरी करकरलं आणि प्रिंटर थांबला. झाकण उघडून ओढून काढला तर कागद चुरगळलेला, वरचा कोपरा दुमडून फाटलेला, आणि आडवा एक पिवळाजर्द पट्टा. मी बाकीचे कागद चाळले. प्रत्येकाच्या एका कोपऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट होतं. ओली हळद वाळून तिथे खपली धरली होती.

माझा तोल गेला. पत्रिका छापून झाली की हळद लावतात, कोऱ्या कागदाला कोण लावतं, असं मी तोंडावर विचारलं. मुलगी ओशाळली. मावशी मात्र शांतपणे म्हणाल्या, "छापल्यावं त्याच्यावं लोकांची नावं येतान. कोरा हाय तवर देवाचा." गठ्ठा त्यांनी आधी गावदेवीपुढे ठेवला होता आणि तिथेच बसून एकेका कागदाला बोट लावलं होतं.

पहिलाच कागद फुकट गेला होता. दिलेला शब्द एक दुपारही टिकला नव्हता, आणि याचं मला त्यांच्यापेक्षा जास्त लागलं. तो कागद मी रद्दीच्या टोपलीत टाकला, प्रिंटर पुसला आणि पदर खोचला.

आधी गठ्ठ्याची वाटणी केली. मावशी जमिनीवर बसल्या आणि एकेक कागद माझ्या हातात देऊ लागल्या. हा पोरगी शाळेत घातली त्या वर्षीचा, हा दिवाळीच्या खोक्यांचा, असं मधूनमधून सांगत होत्या. मी बोटांनी चाचपून ठरवायचे: मलमल, सुती, घोंगडी, पैठणी. कपड्यांची नावं ऐकून मावशींना पहिल्यांदा हसू आलं. मग मऊ ब्रशने प्रत्येक कोपऱ्याची खपली झाडली, डाग तेवढा राहू दिला. हळदीचा कोपरा आत शिरताना अडकत होता, म्हणून तो मागे ठेवून कागद उलटा घालायचा ठरवला. पण मग हळद पत्रिकेच्या पायथ्याशी आली असती, ते मावशींना चाललं नसतं. तेव्हा चारही फाइली पुन्हा उघडल्या, मजकूर उलटा फिरवला, आणि डागापासून थोडा खाली सरकवला.

त्यानंतर तीन दुपारी हेच. ढिगावरून कागद घ्यायचा, त्याचं नाव टाइप करायचं, पाठवायचा. दोनदा वीज गेली. आम्ही तिघी अंधाऱ्या खोलीत चहा पीत बसलो आणि वीज आल्यावर होतो तिथून पुढे निघालो. पैठण्या दोन दोन फेऱ्या मारून तुकतुकीत बाहेर येत होत्या. घोंगड्यांवरचं अक्षर नखाने खरवडूनही निघत नव्हतं. एकही कागद अडकला नाही. शेवटचा हातात आला तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी प्रिंटरच्या पाठीवर थाप मारली.

मावशींनी सगळ्या पत्रिका त्याच पातळात ठेवल्या, पण गाठ मारली नाही. त्या उठल्या, टोपलीपाशी गेल्या आणि तो पहिला चुरगळलेला कागद काढून माझ्यापुढे धरला.

"ह्यो पन."

मी सांगितलं, मावशी, हा आता जाणार नाही, मशीन मोडेल. त्यांनी हात मागे घेतला नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मग माझाच शब्द आठवला.

कागदावर ओढणी टाकून मी कोमट इस्त्री फिरवली. फाटलेला कोपरा पातळ कागदाची पट्टी डकवून सांधला. चारपैकी एकही सेटिंग याला चाललं नसतं, म्हणून पाचवी फाइल केली: शाई दाट, मजकूर फाटलेल्या जागेपासून दूर, थोडा लहान, आणि मागचं दार उघडं ठेवून कागद न वळता सरळ बाहेर. तिला नाव दिलं गोधडी. मागची कोरी बाजू छपाईला घेतली आणि कागद तोंडाशी धरला. आत जाताना तो थोडा अडखळला. मुलगी खिडकीपासून उठून माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली.

तो सबंध बाहेर आला. सुरकुत्यांवरून अक्षरं जरा वरखाली झाली होती, पण तिच्या बापाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

मुलीने तो हातात घेतला आणि तीन दुपारींत पहिल्यांदा रडली. मावशींनी तिला रडू दिलं. मग तो कागद तिच्याकडून घेतला, सगळ्या पत्रिकांच्या वर ठेवला आणि गाठ मारली. देवीपुढे आधी हाच ठेवणार, म्हणाल्या, गठ्ठ्यात पहिला हाच होता.