इंग्लिश कोचची पेनल्टी
दुखण्यावरच्या स्प्रेचा नाकात झोंबणारा वास आला की मला आजही ती पेनल्टी आठवते. इथे परदेशात, बुकित तिमाहच्या आमच्या काँडो सोसायटीमागच्या मैदानावर मुलांचा नवा फुटबॉल कोच पेनल्टी मारणार होता आणि पालकांतर्फे गोलमध्ये मी उभा होतो. कोच म्हणजे इंग्लंडमधला निवृत्त व्यावसायिक खेळाडू, मांड्या वडाच्या बुंध्याएवढ्या. त्याच्या लाथेने एकदा गोलचा खांब वाकला, ही अफवा मीच पसरवली होती, आणि आता तीच आठवून मी मागे मागे सरकत होतो. “विम्याचा हप्ता भरलायस ना रे?” बायकोने बाहेरून विचारलं. “बाबा, डोन्ट बी स्केअर्ड लाह,” लेक इथल्या मुलांच्या ढंगात ओरडली. कोचने गुडघ्यावर स्प्रे मारला, माझ्या हातातून बॉल घेतला आणि इंग्रजीत पुटपुटला, “गुडघा संपलाय माझा. कळलं तर नोकरी जाईल, मग इथे राहायचा वर्क पासही.” त्याचा चेहरा माझ्याहून पांढराफटक पडला होता. ती भीती मला पाठ होती, मीही पासवरच होतो. बॉल लिंबासारखा गडगडत आला. मी जिवाच्या आकांताने किंचाळत उलट्या बाजूला झेपावलो, सगळे माझ्याकडेच बघत राहिले आणि गोल झाला. अजूनही कोणी विचारलं तर सांगतो, बॉल मला दिसलाच नाही, नुसत्या वाऱ्यानेच मी आडवा झालो.